'साका' इंग्रजीत कसा सांगावा? : कॉलेजातील मुले आणि धंद्याचे बोलणे

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बागाईतदार घरातील ही हकीकत आहे. वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंत, थोरला मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला. हापूसचा माल आजवर मुंबईच्या दलालामार्फत परदेशी जात असे. एका हंगामात वडिलांनी हिंमत करून दुबईच्या ग्राहकाशी थेट सौदा ठरवला. माल निघण्याच्या चार दिवस आधी ग्राहकाचा फोन आला. वडिलांनी मोठ्या विश्वासाने तो मुलाच्या हाती दिला. मुलगा इंग्रजीत हुशार, पेपरात त्याला नेहमी चांगले गुण.

ग्राहकाने विचारले की, फळात 'स्पाँजी टिश्यू' निघणार नाही याची खात्री देता का? मुलाने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पुन्हा विचारण्याची लाज वाटली. तो दोनदा 'यस सर' म्हणाला आणि तिसऱ्यांदा 'नो प्रॉब्लेम सर' म्हणून मोकळा झाला. माल गेला, तिकडे फळे कापली गेली आणि काही खोक्यांत साका निघाला. ग्राहकाने रक्कम कापून घेतली. ती कुणीही कापली असती. पण सोबत त्याने एक ओळ लिहून पाठवली, 'यू टोल्ड मी नो प्रॉब्लेम.' वडिलांना पैशाचे वाईट वाटले त्याहून अधिक त्या ओळीचे वाटले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांना कुणी खोटे ठरवले नव्हते.

हा मुलगा आमच्याच वर्गातला. त्याला इंग्रजीत चांगले गुण देणाऱ्यांत आम्हीही होतो.

ज्या वाचकांचा कोकणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. साका म्हणजे हापूसच्या आतला दोष. फळ बाहेरून सोन्यासारखे दिसते, वासही उत्तम येतो आणि कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, स्पंजासारखा व आंबूस निघतो. फळ झाडावर असताना जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेशी त्याचा संबंध जोडला जातो. तो बाहेरून ओळखता येत नाही, आणि म्हणून कुणीही प्रामाणिक बागाईतदार 'साका निघणारच नाही' असे म्हणत नाही. त्या मुलाच्या वडिलांना हे तोंडपाठ होते. मुलालाही ठाऊक होते. मराठीत विचारले असते तर त्याने पाच मिनिटे सांगितले असते. इंग्रजीत विचारल्याबरोबर त्याचे सगळे ज्ञान गळ्यात अडकले.

मालाचा ऐब लपवू नये, हे आपल्या घरांतून लहानपणीच शिकवले जाते. पण ऐब सांगायला शब्द नसले की मुलगा गप्प बसतो किंवा 'यस यस' म्हणतो, आणि पलीकडच्याला ती लपवाछपवीच वाटते. बोली इंग्रजीचा प्रश्न आमच्या मते इथे आहे. फाडफाड बोलण्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत, त्यांत मुले 'माय हॉबी'वर दोन मिनिटे बोलायला शिकतात. परंतु दोष, उशीर, नकार आणि पैसा या चार गोष्टींवर इंग्रजीत खरे बोलता येणे ही वेगळी विद्या आहे.

पुस्तक मिटून सुरुवात

त्या प्रसंगानंतर आम्ही तासाची रीत बदलली. मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत बिझनेस कम्युनिकेशन हा विषय आहे. त्यात पत्रांचे नमुने आहेत, अर्ज आहेत, आणि ते परीक्षेपुरते करावेच लागतात. आम्ही ते केले आणि उरलेल्या वेळात पुस्तक मिटून ठेवले. पहिल्या दिवशी मुलांना एवढेच सांगितले की घरी जा, वडील, चाचा, मामू किंवा शेजारी, ज्यांचा धंदा असेल त्यांच्याजवळ बसा आणि ग्राहक त्यांना कोणकोणते प्रश्न विचारतात ते मराठीत, उर्दूत, जसे ऐकाल तसे लिहून आणा.

वर्गात प्रश्नांचा ढीग पडला. एका खोक्यात किती नग? फळ कधी उतरवले? किती दिवसांत पिकेल? पिकवायला काय वापरता, कार्बाइड तर नाही ना? भाडे कोणाचे? वाटेत खराब झाले तर? मागच्या वेळी भाव कमी होता, आता का वाढला? हा रत्नागिरीचाच आहे कशावरून? आणि प्रत्येकाच्या वहीत असलेला प्रश्न, पैसे कधी? आम्ही एकत्र करून सारखे प्रश्न गाळले तेव्हा पंचविसाच्या आसपास उरले. तोच आमचा वर्षाचा अभ्यासक्रम झाला.

या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी मुलांना आपलाच धंदा नव्याने शिकावा लागला, हा फायदा आम्ही धरला नव्हता. 'रत्नागिरीचाच कशावरून' याला उत्तर द्यायचे तर २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जी.आय., मिळाला आहे हे माहीत पाहिजे. इंग्लंडचा ग्राहक 'हॉट वॉटर ट्रीटमेंट' झाली का विचारतो, तो का विचारतो? कारण फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याला बंदी घातली होती. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. तिकडे जाणारे फळ आता ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक तास ठेवावे लागते. अमेरिकेचा ग्राहक वेगळेच विचारतो. तिथे २००७ पासून आपला आंबा पुन्हा जाऊ लागला तो विकिरणाची प्रक्रिया करूनच, तेव्हा त्याच्या तोंडी 'इरेडिएशन' हा शब्द येणार. कार्बाइडचे तर सरळ आहे, त्याला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. 'वी डू नॉट यूज कार्बाइड. वी राइपन इन हे,' म्हणजे गवताच्या अढीत पिकवतो, एवढे दोन वाक्यांचे उत्तर पुरते. एका मुलीने विचारले, अढीला इंग्रजी शब्द काय? शब्द नाही. गवताचे थर कसे देतात ते सांगावे, झाले.

ही आमची युक्ती नवी नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत असा प्रयोग केला होता. बंगलोर प्रकल्प म्हणून तो इंग्रजी शिक्षकांत जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे धडे देण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा वस्तू ठेवल्या आणि त्यांवरून काही सोडवायला लावले. लक्ष कामावर राहिले तर भाषा वाटेत गोळा होते, असा त्यांचा विचार. शाळकरी मुलांना वेळापत्रक देऊन जे साधते ते व्यापाऱ्याच्या मुलाला त्याच्याच दुकानाचे बिल देऊन का साधू नये?

पाठीला पाठ लावून

आमच्या वर्गातील मुख्य कसरत अगदी साधी आहे. दोन मुलांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवतो. फोनवर तोंड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, म्हणून. एकाकडे ऑर्डरचा कागद, दुसऱ्याकडे पाठवलेल्या मालाचा. दोहोंत कुठेतरी फरक मुद्दाम ठेवलेला असतो. पन्नास खोकी मागितली, पंधरा पोहोचली. दोघांनी बोलून फरक शोधायचा. कागद दाखवायचा नाही.

यात पहिल्याच दिवशी 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांनी सर्वांना लोळवले. आपली मुले दोन्ही शब्द सारख्याच झोकात बोलतात. पंधराला जोर शेवटी, पन्नासला जोर सुरुवातीला, हे फळ्यावर लिहून उपयोग नाही, कान तयार व्हावा लागतो. तोवर आम्ही एक नियम घालून दिला की आकडा सांगितल्यावर तो सुटा करून पुन्हा सांगायचा, 'फिफ्टी, फाइव्ह झीरो.' लाखाचेही तसेच. परदेशी ग्राहकाला लाख कळत नाही, दहा लाख म्हणजे एक मिलियन. तारीख बोलताना महिन्याचे नाव घ्यावे, कारण ४/५ हे आपल्याला चार मे आणि अमेरिकन माणसाला पाच एप्रिल. आपण डझनावर बोलतो, ग्राहक किलोवर बोलतो. अडीचशे ग्रॅमचे फळ असेल तर डझन म्हणजे तीन किलो. हा हिशेब बोलता बोलता तोंडी करता आला पाहिजे. तिथे गणितात पहिला येणारा मुलगाही अडखळतो.

भाड्याच्या बाबतीत मुले एफ.ओ.बी. हे पुस्तकातले अक्षर फेकतात. खरे तर इन्कोटर्म्स २०२० च्या नियमांप्रमाणे एफ.ओ.बी. समुद्रमार्गाच्या मालासाठी आहे, विमानाच्या मालाला एफ.सी.ए. वगैरे अटी लागतात. बाजारात मात्र सगळेच एफ.ओ.बी. म्हणतात. अक्षरांवर विसंबण्यापेक्षा स्वच्छ विचारावे, 'डझ दिस प्राइस इन्क्लूड एअर फ्रेट? हू पेज इन्शुरन्स?' असे विचारणारा अडाणी ठरत नाही. न विचारणारा मात्र भाडे भरतो.

चुका किती सुधारायच्या, यावर आमचे सहकारी आमच्याशी भांडतात. आमचे मत असे की चुकांचे दोन प्रकार आहेत, व्याकरणाची चूक आणि पैशाची चूक. 'ही गो टू मार्केट' म्हटल्याने एक रुपयाही बुडत नाही. ती आम्ही कागदावर टिपतो आणि तास संपताना सांगतो. पण 'वी हॅव सेंट' आणि 'वी विल सेंड' यांत गोंधळ झाला तर ग्राहक विमानतळावर गाडी पाठवून बसेल. ती चूक तिथल्या तिथे थांबवावी लागते. काळ शिकवण्याचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षे भरून घेतले. मुलांच्या डोक्यात तो फरक शिरला तो 'माल निघाला की निघायचा आहे' या प्रश्नाने.

उच्चारांबद्दलही धास्ती फार. दुबईच्या अल अवीर मंडईत फोन उचलणारा केरळचा असेल, पाकिस्तानचा असेल, इराणी किंवा फिलिपिनो असेल. तिथे इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही. साहेबासारखे बोलण्याच्या नादात मुले भरभर बोलतात आणि कुणालाच कळत नाही. सावकाश बोला, वाक्य तोडून बोला, आणि समजले नाही तर न लाजता म्हणा, 'सॉरी, आय डिड नॉट गेट दॅट वर्ड. व्हॉट डू यू मीन बाय इट?' हे एक वाक्य त्या मुलाला त्या दिवशी आले असते तर हा लेखच लिहावा लागला नसता.

खवळलेला ग्राहक

एकदा आम्ही गावातील एका व्यापाऱ्याला वर्गात बोलावले. इंग्रजी बेतास बात, शाळा आठवीत सुटलेली, पण मुंबईच्या मार्केटात वीस वर्षे काढलेली. त्यांना सांगितले, तुम्ही ग्राहक व्हा आणि माल खराब आला म्हणून खवळा. ते उभे राहिले आणि 'व्हॉट इज दिस? हाफ बॉक्स ब्लॅक! हू पे?' असे गरजले. टी.वाय.ची मुले भिंतीला टेकली. व्याकरण पाहिले तर वाक्य धड नाही. परंतु काय विचारायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि मुलांना काय उत्तर द्यायचे ते ठाऊक नव्हते. एकाने माफी मागितली. एकाने 'नो सर, नॉट पॉसिबल' म्हटले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि शांतपणे विचारू लागली, 'हाऊ मेनी बॉक्सेस? ब्लॅक ऑन द टॉप ऑर इन्साइड? व्हेन डिड यू ओपन देम? प्लीज सेंड फोटोज टुडे.' पाहुण्यांनी आवाज खाली आणला आणि मराठीत म्हणाले, 'पोरी, तू धंदा केलेला दिसतोय.' केलाच होता. तिची आई घरून आंबापोळी आणि कोकमाचे आगळ विकते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी हीच घेते. आमच्या वर्गात तोवर ती कधी बोलली नव्हती.

नकार देणे मुलांना सर्वांत जड जाते. आपल्या भाषेत 'बघतो', 'करू काहीतरी', 'इन्शाअल्लाह होईल' यांत नकाराच्या अनेक छटा असतात आणि समोरचा सुरावरून ओळखतो. 'वी विल ट्राय' म्हटले की परदेशी ग्राहक ते होकार समजतो. म्हणून आम्ही भाव न उतरवण्याचे वाक्य घोटून घेतले, 'आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट गो बिलो धिस प्राइस.' यावर एका मुलाने विचारले, 'सर, घाबरायचं कशाला? माल आपला चांगला आहे.' वर्ग हसला, आम्हीही. मग सांगितले की इथे घाबरण्याचा संबंध नाही, 'माफ करा, पण' असा तो रिवाज आहे. त्याला जोडून अट घालायला शिकवली. 'इफ यू टेक टू हंड्रेड बॉक्सेस, वी कॅन गिव्ह यू अ बेटर रेट.' 'इफ' आणि 'कॅन' या दोन शब्दांवर निम्मा सौदा चालतो.

हे केवळ आंब्यापुरते नाही. मिरजेला नातेवाइकांकडे गेलो असता सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत बसणे झाले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली जी.आय. मिळाला. तिथल्या एका कारागिराचा मुलगा कॉलेजात शिकतो आणि परदेशी ग्राहकांशी व्हिडिओवर तोच बोलतो. त्याची अडचण 'जवारी'ची. घोडीचा पृष्ठभाग किंचित घासून तारेला जो झंकार आणतात तो परदेशी माणसाला कसा समजवायचा? मुलाने शब्दकोश पाहिला होता, तिथे काही नव्हते. आम्ही म्हटले, शब्द 'जवारी'च ठेव आणि काम सांग. त्याने जुळवले, 'धिस इज द ब्रिज. माय फादर फाइल्स इट बाय हँड. इफ इट इज फ्लॅट, द साउंड इज डेड. नाऊ लिसन.' आणि तार छेडली. यापुढे इंग्रजीची गरजच उरली नाही. मालेगावच्या विणकराला, भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला आपापले असे शब्द असतील. ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत, ते कारागिराकडून मुलाने आणि मुलाकडून शिक्षकाने शिकायचे आहेत.

म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंकडे आमचे मागणे आहे. मुलाला इंग्रजीचा क्लास लावून जबाबदारी संपली असे धरू नका. आठवड्यातून एक तास त्याला गल्ल्याजवळ, फोनजवळ बसवा. ग्राहकांचे जुने संदेश, तक्रारी, बिले त्याच्या हाती द्या. नावे आणि रकमा झाकून त्याने ती वर्गात आणावीत, त्याहून चांगले पाठ्यपुस्तक आम्हाला छापता येणार नाही. आणि जमेल तेव्हा तुमच्या गावच्या कॉलेजात जाऊन अर्धा तास खवळून या. शिक्षक आढेवेढे घेतील. अभ्यासक्रमात हे कुठे बसते, असे विचारतील. तोंडी परीक्षेच्या गुणांत बसवता येते, आम्ही बसवले आहे. वर्गात साठ मुले असली की प्रत्येकाची पाळी यायला महिना लागतो आणि गोंगाट शेजारच्या वर्गापर्यंत जातो, हेही खरे आहे. आम्हाला त्याबद्दल दोनदा बोलणी खावी लागली.

त्या पहिल्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकांना हवे असेल. पुढच्या हंगामात ग्राहकाने फोन करावा म्हणून त्याने वाट पाहिली नाही. आधी आमच्यापुढे चार वेळा बोलून दाखवले, मग स्वतः फोन लावला. मागच्या वर्षी मी तुमचा शब्द समजलो नव्हतो आणि तरी हो म्हणालो, हे त्याने आधी सांगितले. 'नोबडी कॅन सी इट फ्रॉम आउटसाइड. सो वी विल कट टेन फ्रूट्स फ्रॉम एव्हरी लॉट बिफोर पॅकिंग, अँड आय विल टेल यू व्हॉट वी फाइंड.' पलीकडे बराच वेळ शांतता. वडील शेजारी उभे होते आणि मुलाच्या तोंडाकडे पाहत होते.

मालाच्या दिवशी त्याने व्हिडिओवर फळे कापून दाखवली. पहिल्या लॉटमध्ये दहांपैकी दोन फळांत साका निघाला. त्याने तो सुरीच्या टोकाने दाखवला आणि म्हणाला, 'टू बॅड आउट ऑफ टेन.' ग्राहकाने तो लॉट बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारले, दुसऱ्या बागेचा माल आहे का? होता. त्यातली दहाही फळे चांगली निघाली. खोकी भरताना वडिलांनी मुलाला विचारले की, त्या 'स्पाँजी'नंतरचा शब्द काय होता. त्यांना तो आता स्वतः म्हणून पाहायचा होता.